अप्रयोजकाचे प्रयोजन : सरकारी निवासस्थान, रुखवत आणि सँडबॉक्स खेळांतील शोभेच्या वस्तू

१. दिलेले घर

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर हे नाव उच्चारले की आज बहुतेकांना तेथील बाजार आठवतो. निर्यातीतून उरलेले किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेले कपडे, खोटे दागिने, पडदे, उशांचे अभ्रे आणि घरात मांडायच्या नाना शोभेच्या वस्तू यांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. परंतु या बाजाराच्या मुळाशी एक वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या वाढत्या नोकरवर्गासाठी दिल्लीत ज्या निवासी वसाहती उभ्या राहिल्या त्यांपैकी ही एक. तिचे मूळ नाव विनय नगर. जवळच सेवा नगर होते. नोकरवर्गाने अंगी बाणवावयाचे गुणच जणू वसाहतींना नावे म्हणून दिलेले होते. पुढे विनय नगराला सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले, आणि शेजारच्या वसाहतींना लक्ष्मीबाई, नेताजी, नवरोजी यांची. गुणवाचक नाव जाऊन एका कवयित्रीचे नाव आले, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अगदीच निरर्थक नाही. तिचा विचार पुढे येईल.

सरकारी निवासस्थानाचे स्वरूप येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. घरांची रचना ठरीव साच्याची असते. कोणाला कोणत्या श्रेणीचे घर मिळावे हे वेतनावरून ठरते. घर मिळाले की घरभाडे भत्ता थांबतो आणि वेतनातून परवाना शुल्क कापले जाते. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत घर सोडावे लागते. नियमानुसार राहणाऱ्याला भिंत पाडता येत नाही की खोली वाढवता येत नाही. देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. छप्पर, नळ, ओटा, न्हाणीघर, म्हणजे उपयोगाचे जे जे काही आहे ते सगळे दुसऱ्याने ठरवलेले आणि दुसऱ्याच्या मालकीचे. राहणाऱ्याने स्वतःहून आणलेले काय, असा शोध घेतला तर हाती लागतात ते दारावरचे तोरण, खिडकीचा पडदा, काचेच्या कपाटातील बाहुल्या, भिंतीवरची भरतकामाची चौकट. यांपैकी एखाददुसरी वस्तू सोडली तर कशाचाही व्यवहारात उपयोग नाही.

जी जागा आपली नाही आणि एक दिवस सोडावयाची आहे, तेथे माणूस निरुपयोगी पण शोभिवंत वस्तू का मांडतो? हा प्रश्न नवा नाही. परंतु गेल्या तीन दशकांत एका अनपेक्षित क्षेत्राने तो अतिशय स्पष्ट रूपात पुन्हा मांडला आहे. ते क्षेत्र म्हणजे ‘सँडबॉक्स’ या नावाने ओळखले जाणारे संगणकीय खेळ. या खेळांतील शोभेची वस्तू, मराठी लोकव्यवहारातील आरास आणि रुखवत, आणि पंडिती काव्यातील अलंकरण यांना एकत्र ठेवून पाहिले असता त्या प्रश्नाचे एक उत्तर दिसू लागते. त्या उत्तराचा शोध हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२. वाळूच्या हौदापासून संगणकीय खेळापर्यंत

सँडबॉक्स म्हणजे मुलांना खेळण्यासाठी केलेला वाळूचा हौद. या खेळाचा गंभीरपणे विचार करणारे एक आरंभीचे लेखन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांचे आहे. वाळूच्या एका ढिगाची कहाणी सांगणारा त्यांचा निबंध १८८८ साली ‘स्क्रिब्नर्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या एका घरी मुलांसाठी वाळूचा ढीग टाकला गेला आणि मुलांनी काही उन्हाळे खपून त्यावर घरे, रस्ते, शेते, लाकडी माणसे यांचे एक गावच उभे केले, त्याचा हा वृत्तान्त. पुढे १९११ साली एच. जी. वेल्स यांनी घरातील जमिनीवर ठोकळे आणि बाहुल्या मांडून खेळावयाच्या खेळांवर एक छोटे पुस्तक लिहिले. दोन्ही लेखनांत एक गोष्ट समान आहे. खेळाला जिंकणे-हरणे नाही; एक जग मांडणे हाच खेळ आहे.

संगणकीय खेळांना हे नाव लागले ते याच अर्थाने. खेळाडूला एक जग आणि काही साधने दिली जातात. काय करावे हे बऱ्याच अंशी त्याच्यावर सोपवलेले असते. १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात खेळाडूंना घरे बांधता येत होती. त्या जगात पियानो नव्हता. तेव्हा खेळाडूंनी लाकडी पेट्या, बुद्धिबळाचे पट, घडी घातलेले कपडे अशा वस्तू एकमेकांवर अचूक रचून दिसावयास पियानोसारख्या आकृती तयार केल्या. हा पियानो वाजत नसे, विकला तर त्यातून सुट्या वस्तूंपलीकडे काही मिळत नसे, आणि एक पेटी हलवली तर तो मोडे. तरीही या रचना त्या खेळाच्या इतिहासात लक्षात राहिल्या आहेत.

‘माइनक्राफ्ट’ या स्वीडिश खेळाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्कुस पर्सन यांनी त्याचे पहिले रूप मे २००९मध्ये लोकांसमोर ठेवले. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११मध्ये आली. घनाकृती ठोकळ्यांच्या या जगात खेळाडू रिकाम्या हाताने येतो. पहिली रात्र पडण्याच्या आत आसरा बांधावा लागतो, कारण अंधारात शत्रू निपजतात. या अवस्थेत प्रत्येक वस्तू उपयोगाची असते. लाकूड हत्यारासाठी, कोळसा उजेडासाठी, धान्य भुकेसाठी. पण काही दिवसांनी, भिंती पक्क्या झाल्या आणि कोठार भरले की खेळाडूचे वर्तन बदलते. तो फुले खुडून आणतो. भिंतीवर चित्रे लावतो. यांपैकी बहुतेक चित्रे क्रिस्तोफर सेटरस्ट्रांड या चित्रकाराच्या खऱ्या चित्रांवरून केलेली आहेत, आणि त्यांचे काम केवळ भिंतीवर असणे हे आहे. २०१२ साली खेळात कुंडी आली. तिच्यात लावलेले रोप वाढत नाही, फळत नाही.

याच खेळात ‘ड्रॅगनचे अंडे’ नावाची एक वस्तू आहे. खेळातील एका प्रबळ शत्रूचा पराभव केल्यावर ते मिळते. एका जगात ते एकच असते. ते उबत नाही, त्यातून काही बाहेर येत नाही, त्यापासून काही घडवता येत नाही. हात लावला तर ते दुसरीकडे निसटते, म्हणून ते मिळवण्यासाठी युक्ती करावी लागते. खेळातील दुर्मिळतम वस्तू ही संपूर्णपणे निरुपयोगी वस्तू आहे आणि खेळाडू तिच्यासाठी घरात चौथरा बांधतात. जून २०२३मध्ये आलेल्या आवृत्तीत चिलखतावर नक्षी काढण्याची सोय झाली. नक्षीने संरक्षण तसूभरही वाढत नाही. परंतु नक्षीच्या एका साच्याची प्रत करावयाची तर सात हिरे खर्चावे लागतात. त्याच हिऱ्यांतून खरे चिलखत घडवता आले असते, हे खेळाडूला पक्के ठाऊक असते.

३. शोभेला कामाला लावण्याचा मोह

शोभेची वस्तू निरुपयोगी राहू देणे हे जगाची रचना करणाऱ्यांना मात्र सहसा मानवत नाही. २००० साली आलेल्या विल राइट यांच्या ‘द सिम्स’ या खेळात भिंतीवरचे चित्र आणि कोपऱ्यातले झाड यांचे मोजमाप होते. खोली किती सुरेख आहे याचा एक आकडा असतो आणि त्यावर घरात राहणाऱ्या पात्रांची मनःस्थिती काही अंशी अवलंबून असते. २००१ साली जपानमध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या मालिकेत ‘हॅपी रूम अकॅडमी’ नावाची एक काल्पनिक संस्था खेळाडूच्या घराच्या मांडणीला गुण देते. या संस्थेचे आद्याक्षरी नाव ‘एचआरए’ असे आहे. भारतीय नोकरवर्गात हीच अक्षरे घरभाडे भत्त्यासाठी रूढ आहेत. योगायोग असला तरी तो मार्मिक आहे. दोन्हीकडे घराचे मूल्य आकड्यात उतरवणारी एक यंत्रणा आहे.

‘माइनक्राफ्ट’मध्येही हे घडले. २०२३च्या जूनमध्ये त्यात नक्षीदार मडके आले. जुन्या अवशेषांजवळची वाळू कुंचल्याने हलकेच झाडली की खापराचे तुकडे मिळतात. चार तुकडे जोडून मडके होते आणि प्रत्येक बाजूवर त्या त्या तुकड्याचे चित्र उमटते. आले तेव्हा हे मडके निव्वळ शोभेचे होते. सहा महिन्यांनी, डिसेंबरच्या आवृत्तीत, त्यात वस्तू साठवता येऊ लागल्या. शोभेच्या वस्तूला काम मिळाले.

हा मोह आधुनिक नाही. मराठी गद्यात त्याचा एक उत्कृष्ट पुरावा आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी इ.स. १७१५च्या सुमारास रचलेल्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गविषयक प्रकरण हे उपयोगितेच्या दृष्टीचे नमुनेदार लेखन आहे. पाणी, दरवाजे, तट, धान्याची कोठारे, दारूची कोठी यांतील प्रत्येक गोष्टीचे कारण तेथे सांगितलेले आहे. गडावरील झाडांचा विषय निघतो तेव्हा मोठे वृक्ष, लहान वृक्ष, फुलझाडे, वेली यांचा उल्लेख करून अमात्य प्रयोजक आणि अप्रयोजक अशी दोन्ही प्रकारची झाडे लावावी व जतन करावी असे सांगतात. अप्रयोजकाला गडावर जागा देणारे हे विधान असाधारण आहे. परंतु लगेच कारण येते. प्रसंग पडला तर निदान लाकूड तरी कामास येईल. अप्रयोजक झाड लावण्याची मुभा मिळते ती त्याचे प्रयोजन शोधून काढल्यावरच. ‘हॅपी रूम अकॅडमी’चे गुण, मडक्यातील साठवण आणि गडावरील वेळप्रसंगीचे लाकूड ही एकाच विचारपद्धतीची तीन रूपे होत. जगाचा नियामक शोभेकडे पाहतो तेव्हा त्याला तिच्यात पुढे कधीतरी होणारा उपयोग दिसतो.

जगात राहणाऱ्याला काय दिसते, हा खरा प्रश्न. गडाच्याच संदर्भात त्याचे एक उत्तर महाराष्ट्रातील मुले दर दिवाळीत देतात. अंगणात किंवा चाळीच्या कोपऱ्यात दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला होतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. मातीचे मावळे येतात. शिवाजी महाराजांची मूर्ती इतर सर्वांहून मोठी, सिंहासनावर. पण तेवढ्याने किल्ला पुरा होत नाही. पायथ्याशी वाघ येतो, गवळण येते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, क्वचित आगगाडी आणि विमानही. आज्ञापत्रकारांच्या दृष्टीने यातील निम्म्या वस्तू गडावर असण्याचे कारण नाही. मुलांच्या दृष्टीने मात्र किल्ला शेजारच्या किल्ल्याहून वेगळा होतो तो याच वस्तूंनी. तट आणि बुरूज सर्वांचे सारखेच असतात.

४. प्रतिष्ठा की वस्ती : रुखवताची साक्ष

निरुपयोगी वस्तूंच्या आकर्षणाचे एक प्रबळ स्पष्टीकरण थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिले. वेळ आणि द्रव्य वाया घालवण्याची आपली ऐपत लोकांच्या नजरेस आणून देणे हे अशा वस्तूंचे काम, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. सात हिऱ्यांची नक्षी या स्पष्टीकरणात सहज बसते. आजच्या अनेक संगणकीय खेळांचा धंदाच खऱ्या पैशात विकल्या जाणाऱ्या शोभेच्या पोशाखांवर चालतो, हेही त्यात बसते. परंतु हे स्पष्टीकरण एका ठिकाणी अपुरे पडते. असंख्य खेळाडू एकट्याने खेळतात. त्यांच्या जगात दुसरे कोणी येत नाही. तेथेही भिंतीवर चित्र लागते आणि खिडकीत कुंडी येते. भातुकलीतही हेच दिसते. एकटी खेळणारी मुलगी बोटभर उंचीच्या जात्याशेजारी रिकामा तांब्या-पेला नीट मांडते, आणि त्या मांडणीला पाहुण्याची वाट पाहावी लागत नाही.

प्रतिष्ठेचे स्पष्टीकरण खोटे न ठरवता त्याच्या पलीकडे नेणारी मराठी प्रथा म्हणजे रुखवत. मूळ रुखवत हे खाद्यपदार्थांचे. लग्नाआधी वराला वधूपक्षाकडून दिल्या जाणाऱ्या फराळाचे ते नाव. कालांतराने त्याभोवती शोभेच्या वस्तूंची आरास वाढत गेली. सुपाऱ्यांना कपडे घालून केलेले नवरा-नवरी, साखरेचे चुडे आणि हलव्याचे दागिने, लोकरीचे पोपट, मण्यांची तोरणे, काचेवरची चित्रे, कापसाचे ससे, डाळी-तांदळाची रांगोळी. मंगल कार्यालयात एका बाजूला ही आरास मांडली जाते आणि वरपक्षाची मंडळी ती पाहून जातात. रुखवतात भांडीकुंडी आणि किमती वस्तू मांडल्या जातात तेव्हा ते देण्या-घेण्याचे प्रदर्शन होते, आणि त्यामागे वधूपित्याच्या खिशावरचा ताण असतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. व्हेब्लेन यांना येथे पुरेसे उदाहरण मिळाले असते.

तरी रुखवताचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. पातेली, डबे, शेगडी हा भाग उपयोगाचा आहे. तो सासरच्या संसारात विरून जातो. वर्षभराने कोणते पातेले कोणाच्या घरचे हे सांगता येत नाही. दुसरा भाग मुलीने, तिच्या बहिणींनी, आत्या-मावश्यांनी हाताने केलेल्या वस्तूंचा. हा भाग कोणत्याच कामाचा नसल्यामुळे विरत नाही. तो काचेच्या कपाटात बसतो किंवा पेटीत जपून ठेवला जातो. मुलगी ज्या घरात जाते त्या घराच्या भिंती, चूल, देव्हारा आणि रीतीरिवाज सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले असते. तिचे तेथील नावही पुष्कळदा दुसऱ्याने ठेवलेले असते. अशा घरात लोकरीचा पोपट ही क्षुल्लक वस्तू राहत नाही. तो कोणी मागितलेला नव्हता, म्हणूनच तो तिचा आहे.

येथे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन मांडता येते. उपयोगाची वस्तू ही त्या जगाची मागणी असते. भूक लागते म्हणून धान्य, रात्र होते म्हणून दिवा, नियम आहे म्हणून चिलखत. ती कोणी आणली हे गौण ठरते, कारण त्या जागी कोणीही आले असते तरी त्याला तीच आणावी लागली असती. शोभेची निरुपयोगी वस्तू ही जगाची मागणी नसते. तिच्या असण्याला राहणाऱ्याच्या इच्छेखेरीज दुसरे कारण नसते. त्यामुळे दुसऱ्याने रचलेल्या जगात राहणाऱ्याच्या वस्तीची खूण म्हणून फक्त तीच उरते. उपयोगी वस्तूंनी माणूस जगात टिकतो. निरुपयोगी वस्तूंनी तो तेथे राहू लागतो. ‘टिकणे’ आणि ‘राहणे’ यांतील हा फरक सँडबॉक्स खेळाने पहिल्या रात्रीच्या आसऱ्यापासून खिडकीतल्या कुंडीपर्यंतच्या प्रवासात दाखवून दिला, एवढेच त्याचे नावीन्य.

५. तयार जग आणि कवी

साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक अपरिचित वाटू नये. काव्यशास्त्रातील प्रयोजनचर्चा हीही शोभेला कामाला लावण्याची चर्चा आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अमंगलाचा नाश, तत्काळ मिळणारा परमानंद आणि कांतेसारखा उपदेश अशी सहा प्रयोजने सांगितली. आनंदवर्धनाने तर ज्यात रसादिकांचे तात्पर्य नाही अशा चित्रकाव्याला खऱ्या अर्थाने काव्य मानलेच नाही. तो त्याला काव्याचे अनुकरण समजतो. अलंकार हा रसाच्या सेवेत असेल तर ग्राह्य, एरवी तो ओझे. मराठीत विसाव्या शतकात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा जो वाद रंगला, त्यातही प्रश्न प्रयोजनाचाच होता.

या दृष्टीने मोरोपंतांची (१७२९–१७९४) अष्टोत्तरशत रामायणे पाहण्यासारखी आहेत. रामकथा सर्वांना ठाऊक होती. ती सांगण्याची निकड म्हणून एकशे आठ रामायणांची गरज कोणालाही नव्हती. तरी पंतांनी ती रचली, आणि प्रत्येकासाठी स्वतःवर नवी अट घालून घेतली. ‘निरोष्ठरामायणा’त ओठ जुळवून उच्चारावी लागणारी अक्षरे वर्ज्य आहेत, म्हणजे ‘राम’ हे नावच तेथे सरळ येऊ शकत नाही. ‘मंत्ररामायणा’त रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफलेली आहेत. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या काव्यदृष्टीला हा शब्दांचा निष्फळ खटाटोप वाटला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना ‘निबंधमाले’त पंतांची बाजू मांडावी लागली, ती याच वातावरणात.

वरील विवेचनाच्या प्रकाशात पंतांचा हा खटाटोप निराळा दिसतो. रामायण हे दिलेले जग आहे. त्याचे प्रसंग, पात्रे, शेवट, सगळे ठरलेले. त्याची मालकी कोणाकडे नाही. कथेची मागणी वाल्मीकीनेच पुरी केलेली. उरलेल्या कवीला त्या जगात स्वतःचे असे काय ठेवता येईल? जे कथेने मागितलेले नाही तेच. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करणे ही मागणी रामकथेची नव्हती, श्रोत्यांची नव्हती. ती पंतांची होती, आणि म्हणून निरोष्ठरामायण हे पंतांचे घर झाले. पेट्या आणि कपडे रचून न वाजणारा पियानो करणारा खेळाडू आणि ‘प-फ-ब-भ-म’ टाळून रामकथा सांगणारा कवी यांच्या साधनांत आणि योग्यतेत अंतर आहे. त्यांच्या कृतीचा आकार मात्र एकच आहे. जग दुसऱ्याचे, अट स्वतःची.

६. पुन्हा सरोजिनी नगर

ज्या कवयित्रीच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते तिच्यावरही पुढील पिढ्यांनी केवळ शोभेची कविता लिहिल्याचा आक्षेप घेतला. सरोजिनी नायडू (१८७९–१९४९) यांच्या १९१२ सालच्या ‘द बर्ड ऑफ टाइम’ या संग्रहात हैदराबादच्या बाजारावर एक कविता आहे. तीत विक्रेत्यांना एकेक करून त्यांच्या मालाविषयी विचारले जाते आणि उत्तरादाखल फेटे, आरसे, मूठदार खंजीर, मसाले, सोंगट्या, दागिने यांची रंगीत मालिका येते. संग्रहाची प्रस्तावना एडमंड गॉस यांनी लिहिली होती. इंग्रजी पक्ष्यांची आणि फुलांची उसनी कविता सोडून आपल्या भूमीकडे वळण्याचा सल्ला त्यांनीच सरोजिनींना पूर्वी दिला होता. स्वातंत्र्योत्तर इंग्रजी कवींना बाजाराची ही रंगीत मालिका परक्या वाचकासाठी मांडलेली आरास वाटली. हा आक्षेप सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. पण इंग्रजी हे त्या काळी दुसऱ्याने बांधलेले घर होते, त्यातल्या छंदांच्या भिंती हलवण्याची मुभा नव्हती, आणि अशा घरात राहावयास गेलेल्या कवयित्रीने आपल्या शहरातील बाजाराचे सामान भिंतीवर लावले, असेही त्या कवितेकडे पाहता येते. तिचे नाव पुढे एका सरकारी वसाहतीला आणि तिच्यातल्या बाजाराला मिळावे, हे औचित्य नाव देणाऱ्यांच्या मनात नसेलही.

अशा वसाहतींत देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे एकाच साच्याच्या घरांत शेजारी राहिली. सरोजिनी नगरातील विनायक मंदिर दाक्षिणात्य वस्तीची साक्ष देते. तमिळ कुटुंबांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांचा ‘कोलू’ मांडतात. देवादिकांच्या खालच्या पायऱ्यांवर वाण्याचे दुकान, लग्नाची मिरवणूक, बागबगीचे असे वाटेल ते येते. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांना पहिले स्थिर घर मिळाले ते अशाच वसाहतींत. मराठी कुटुंब जेथे गेले तेथे चैत्रागौरीची आरास, गणपतीचे मखर आणि दिवाळीचा आकाशकंदील त्याच्याबरोबर गेला. चैत्रागौरीपुढे कलिंगडाचे कमळ कोरले जाते, करंज्या-लाडवांच्या राशींबरोबर घरातली खेळणीही मांडली जातात, आणि हळदीकुंकू झाले की सगळे आवरून ठेवले जाते. कोलू आणि चैत्रागौर यांचे ऋतू वेगळे, देवता आणि कथा वेगळ्या; परंतु दोन्ही आराशींसाठी लागणारी जागा एकच, म्हणजे साच्यातल्या घराचा एक कोपरा. आरास उतरवून पेटीत ठेवता येते आणि नव्या घरी पुन्हा मांडता येते, हा गुण बदलीच्या आणि मुदतीच्या घरांत फार मोलाचा.

या आराशीचे सामान पुरवणारा बाजार २९ ऑक्टोबर २००५ रोजी सायंकाळी बॉम्बस्फोटाने हादरला. तो दिवाळीपूर्वीचा शनिवार होता, धनत्रयोदशीची पूर्वसंध्या. त्याच वेळी पहाडगंज येथे, म्हणजे दिल्लीतील मराठी शाळा आणि संस्था ज्या भागात आहेत तेथेही, आणि गोविंदपुरीत एका बसमध्ये स्फोट झाले. तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांपैकी बहुतेक सरोजिनी नगरात. सणाच्या खरेदीसाठी बाजारात आलेल्या गर्दीला कोणी चैनीची गर्दी म्हणू शकेल. जी माणसे त्या सायंकाळी तेथे होती त्यांच्यापैकी अनेकांच्या पिशव्यांत जगण्यास अत्यावश्यक असे फारसे काही नसेल. परंतु ज्या घरांत त्या वस्तू जावयाच्या होत्या त्यांच्या दृष्टीने दिवाळी म्हणजे नेमक्या त्याच वस्तू होत्या. शोभेच्या वस्तूंना क्षुल्लक म्हणणे सोपे वाटते ते अशा प्रसंगाची आठवण होईपर्यंत.

वसाहतीवरचा दुसरा आघात निराळ्या स्वरूपाचा होता. जुलै २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नवरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या त्या वसाहती. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे, असा हिशेब होता. जुनी दुमजली घरे पाडून तेथे उंच इमारती उभ्या करावयाच्या, आणि काही जमीन व्यापारी उपयोगासाठी द्यावयाची. २०१८ साली या कामासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध दिल्लीकर रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीला स्थगिती दिली. उपयोगितेचा हिशेब सरकारच्या बाजूने चोख होता, कारण कमी जमिनीवर अधिक घरे होणार होती. त्या हिशेबात जुन्या झाडांची जागा कोठे, हा प्रश्न लोकांनी विचारला. आज्ञापत्रकारांनी निदान लाकडाच्या आशेने का होईना, अप्रयोजक झाड गडावर राहू दिले होते.

घरे पाडली गेली ती उपयोग संपला म्हणून. उपयोगासाठी उभारलेल्या वस्तूचा शेवट असाच व्हावयाचा. उपयोग अधिक चांगल्या रीतीने साधणारे दुसरे काही आले की पहिले जाते. राहणारे मात्र जाताना बरोबर काय घेऊन गेले? ओटा, नळ आणि भिंती सरकारच्या होत्या. त्या मागे राहिल्या. पेटीत भरण्याजोगे होते ते तोरण, बाहुल्या, मखर आणि कंदील.

७. समारोप

सँडबॉक्स खेळांतील शोभेच्या वस्तूंचे आकर्षण हे आळसाचे किंवा निव्वळ मिरवण्याचे लक्षण आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही. दुसऱ्याने रचलेल्या जगात राहणाऱ्याला आपली वस्ती नोंदवण्याची जी थोडी साधने मिळतात त्यांपैकी ते एक आहे. रुखवत घेऊन सासरी जाणारी मुलगी, ठरलेल्या कथेत स्वतःची अट घालून घेणारा पंडित कवी, परक्या भाषेत आपला बाजार मांडणारी कवयित्री आणि मुदतीच्या घरात आकाशकंदील टांगणारा कारकून यांना हे साधन फार पूर्वीपासून ठाऊक होते. खेळ रचणाऱ्यांनी ते नव्याने शोधले आणि पुष्कळदा, नियामकांच्या स्वभावाला अनुसरून, त्याला गुण आणि साठवण देऊन उपयोगाच्या बाजूला ओढले.

अप्रयोजकाचे प्रयोजन शोधण्याचा हा स्वभाव समीक्षेलाही सुटलेला नाही. प्रस्तुत विवेचनातही शोभेच्या वस्तूला ‘वस्तीची खूण’ हे काम दिले गेलेच आहे. फरक असलाच तर तो इतकाच की हे काम ती वस्तू निरुपयोगी असेपर्यंतच करू शकते. मडक्यात धान्य साठवू लागले की ते कोठार होते, आणि कोठार कोणाचेही असू शकते.